फायर अलार्मची उघडी वायर : पाइप टाकायचा की आर्मर्ड केबल?

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. वागळे इस्टेटमधली तळमजला अधिक चार मजल्यांची जुनी गाळ्यांची बिल्डिंग, खाली माल चढवायची-उतरवायची जागा, वर ऑफिसं. फायर अलार्म नंतर बसवलेला, त्यामुळे वायरिंग सगळी भिंतीवरून उघडी, प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून. लोडिंगच्या जागी वायर दोनदा तुटली. एजन्सी म्हणते सगळं काढून आर्मर्ड, म्हणजे वरून तारेचं कवच असलेली केबल टाका, तुमचा नेहमीचा वायरमन म्हणतो आहे त्याच वायरला लोखंडी पाइपात घालू, आणि कमिटीतले एक काका म्हणतात जाडातली पट्टी लावली की झालं. तिघांत बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की अलार्मचं पॅनल सारखं वाजतं म्हणून वॉचमनने ते सायलेंट करून ठेवलंय.

मी २३ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात हेच काम करतोय, आधी हाताने पाइप वाकवायचो, आता साइटी बघतो. आणि मला खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या प्रश्नात ते शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त खटकलं. वायर तुटली हे पॅनल तुम्हाला सांगत होतं, तेवढ्यासाठीच तर ते २४ तास त्या वायरीवर नजर ठेवून असतं, आणि आपण त्याचंच तोंड बंद केलं. त्यामुळे आज तुमच्याकडे तळमजल्याचे डिटेक्टर, म्हणजे आग-धूर ओळखणारे ते छतावरचे डबे, चालू आहेत का बंद हे कोणालाच माहीत नाहीये. आधी पॅनलचं सायलेंट काढा आणि ते काय दाखवतंय ते बघा, आजच, मग पाइप की आर्मर्ड ते बघू.

आता मूळ मुद्दा. वायर दोनदा तुटली म्हणजे ती कमजोर होती असं लगेच धरू नका. माझ्या अनुभवात एकाच जागी दोनदा तुटते तेव्हा ती वायर चुकीच्या जागेवरून नेलेली असते. आणि अख्ख्या बिल्डिंगला एकच इलाज लावायला गेलात तर काही ठिकाणी फुकट खर्च होईल आणि जिथे खरी गरज आहे तिथे कमी पडेल. मी काय करतो सांगतो, पॅनलपासून सुरुवात करून टॉर्च घेऊन वायरीच्या बरोबर चालत जातो आणि प्रत्येक तुकड्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारतो, की इथे हिला कोण मारणार. लोडिंगला धक्का मारतो, गच्चीजवळ पाणी, पँट्रीच्या वर उंदीर, मीटर रूममध्ये गरम हवा आणि शेजारच्या जाड केबली, आणि ऑफिसांच्या फॉल्स सीलिंगमध्ये दुसऱ्या कामाला आलेली माणसं. शत्रू वेगळा तसा इलाज वेगळा.

काही गोष्टी तुमच्या बिल्डिंगवर अवलंबून आहेत त्या इथे बसून मी सांगू शकत नाही. तुमचं पॅनल झोनवालं साधं आहे, म्हणजे नुसता बिल्डिंगचा भाग दाखवणारं, की अॅड्रेसेबल लूपचं, म्हणजे नेमका कुठला डिटेक्टर ते दाखवणारं, आत्ताची वायर नक्की कुठली, फायर एनओसीच्या वेळच्या मंजूर ड्रॉइंगमध्ये काय लिहिलंय, हे तिन्ही बघावं लागेल. ड्रॉइंगमध्ये आर्मर्ड लिहिलं असेल आणि बसवणाऱ्याने पट्टीत वायर टाकून दिली असेल तर चर्चेचा विषयच संपला, ती त्याच्याकडून करून घ्यायची. ते कागद सोसायटीच्या कपाटात असतात, काढून बघा.

धक्क्यापासून सुरू करतो कारण तुमची खरी जखम तिथे आहे. माणसाच्या, ट्रॉलीच्या, टेम्पोच्या धक्क्याचा सगळा प्रकार जमिनीपासून साधारण सात फुटांच्या आत होतो. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्येसुद्धा फायर अलार्मच्या उघड्या केबलसाठी हीच रेघ मारलीय, ७ फूट म्हणजे २.१ मीटरच्या खाली केबल असेल तर दर १८ इंचाला म्हणजे ४५० मिलिमीटरला ती पक्की धरलेली पाहिजे, आणि भिंतीतून किंवा स्लॅबमधून आरपार जाते तिथे सात फुटांपर्यंत लोखंडी किंवा कडक प्लॅस्टिकच्या पाइपात पाहिजे. आपल्याकडे फायर अलार्मचं भारतीय मानक आयएस २१८९ आणि नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चालतो, तो अमेरिकेचा कोड आपल्याला बंधनकारक नाही, पण सात फुटांची रेघ साइटवर फार उपयोगी पडते म्हणून मी ती पाळतो. सात फुटांच्या वर जेवढं नेता येईल तेवढं न्यायचं आणि खाली फक्त मॅन्युअल कॉल पॉइंटसाठी, म्हणजे आग दिसली की हाताने दाबायच्या लाल डबीसाठी उतरायचं, कारण तो माणसाच्या हाताला लागेल असा साधारण १.४ मीटरवरच हवा, त्याला इलाज नाही.

तुर्भ्याला एका गोडाऊनमध्ये झालेली गोष्ट सांगतो. वायर लोखंडी पाइपात होती, काम दिसायला एकदम स्वच्छ, लाल रंग वगैरे. पण पाइप कॉलमच्या बाहेरच्या तोंडावरून खाली आणला होता, बरोबर हँड पॅलेट, म्हणजे माल उचलायची हातगाडी वळते त्या कोपऱ्यावर. फॉल्ट यायचा आणि जायचा, महिनाभर कोणाला सापडेना. शेवटी मी गुडघ्यावर बसून टॉर्च लावला तर जमिनीपासून हातभर उंचीवर पाइप चपटा झालेला आणि त्याच्या वरचा कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारा तुकडा, आटे सोडून अर्धा इंच वर सरकलेला. त्या उघड्या पडलेल्या पाइपाच्या कडेला धार होती, घासलीच नव्हती कोणी, आणि ती धार वायरच्या इन्सुलेशनमध्ये बरोबर नखाएवढी घुसली होती. पॅलेट आदळली की तांबं पाइपाला टेकायचं आणि पॅनलवर अर्थ फॉल्ट, पॅलेट गेली की गायब. पाइप होता, तरी वायर वाचली नाही. आम्ही तोच ड्रॉप उचलून कॉलमच्या आतल्या बाजूला नेला, लोखंडी कॉलमच्या दोन फ्लँजच्या, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांच्या मधल्या खाचेत, आणि खालच्या चार फुटांवर अँगलचं गार्ड जमिनीत आणि कॉलमला बोल्ट केलं, पाइपाला न टेकता. गार्डने पाइपाला हात लावायचा नाही हे महत्त्वाचं, नाहीतर धक्का तसाच पुढे जातो.

म्हणून तुमच्या लोडिंगच्या इथे माझं पहिलं मत, जागा बदला. कॉलमच्या मागे न्या, बीमच्या बगलेत न्या, पण जिथे हातगाडीवाला वळतो आणि टेम्पोचा फाळका उघडतो तिथून काढा. फाळका उघडतो तेव्हा कुठपर्यंत येतो ते टेम्पो लावून प्रत्यक्ष बघा. जागा बदलताच येत नसेल तर पाइप आणि त्यावर गार्ड.

आता वायरमन म्हणतो तो पाइप. कल्पना चांगली आहे, फक्त तो कसा टाकतो यावर सगळं आहे. आयएसआयचा, सोळा गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा कंड्युट घ्या, २५ मिलिमीटर व्यासाचा. दुकानात त्याच रंगाचा पातळ पाइप मिळतो, हाताने दाबून बघितला तर कळत नाही, पण कापल्यावर कळतं, म्हणून एक तुकडा कापायला सांगा. कापलेल्या प्रत्येक टोकाची धार आतून रीमरने किंवा निदान गोल कानशीने काढायची, आणि बॉक्समध्ये शिरतो तिथे चेकनट आणि बुश. हे बुश म्हणजे छोटासा तुकडा, तो पिशवीतच राहून जातो, आणि नंतर वायर ओढताना तिथेच सोलली जाते. सॅडल, म्हणजे पाइप भिंतीला धरणारी पट्टी, दर मीटरला, आणि बेंड किंवा कपलरच्या दोन्ही बाजूंना एक फुटाच्या आत एकेक जास्तीचं. सॅडलच्या खाली बेस पाहिजे म्हणजे पाइप भिंतीपासून थोडा सुटा राहतो, पावसात भिंत ओली झाली तरी पाइप भिजत नाही. पाइप ४० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, आणि दोन बेंड झाले की एक इन्स्पेक्शन बॉक्स द्या, नाहीतर वायर ओढताना माणूस पाय लावून ओढतो.

एक अजून, आणि ह्याच्यावर मी साइटवर भांडतो, त्या पाइपात फायर अलार्म सोडून दुसरं काही जाणार नाही. २३० व्होल्टची वायर तर नाहीच नाही, पण सीसीटीव्ही, इंटरनेटसुद्धा नाही. लिफ्टच्या आणि व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या केबलींपासून मी निदान एक फूट लांब राहतो कारण त्यांच्या बाजूने लांबवर नेलं की उगाचच कम्युनिकेशन फॉल्ट येतात आणि मग परत तेच, वॉचमन सायलेंट करून टाकतो.

एजन्सी म्हणते ती आर्मर्ड. तीही चुकीची सांगत नाहीये. आपल्याकडे सर्रास दोन कोर १.५ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची आर्मर्ड वापरतात, वरून तारेचं कवच असतं. लांबच लांब सरळ पट्टे, बेसमेंट, डक्ट, गोडाऊनचा माळा, जिथे उंदीर आहेत आणि पाइप वाकवायला वेळ लागतो तिथे मी डोळे मिटून आर्मर्ड घेतो. पण आर्मर्ड आहे म्हणजे काही होत नाही हा समज काढून टाका. टेम्पोचा फाळका आदळला तर आर्मर आत दबतो आणि तीच तार आतल्या कोरमध्ये घुसते. लोडिंगच्या जागी आर्मर्डलासुद्धा गार्ड लागतंच.

आणि आर्मर्डचं खरं काम टोकांना असतं. केबल अखंड असताना ती चांगलीच असते, बिघडते ती ग्लँडपाशी, म्हणजे केबल बॉक्समध्ये शिरते तिथल्या पकडीपाशी. आतमध्ये कोरड्या जागी सिंगल कंप्रेशन ग्लँड चालते, पण पार्किंग, गच्ची, पाऊस उडतो अशा जागी डबल कंप्रेशनच घ्या आणि वर रबरी टोपी, श्राउड. आर्मर ग्लँडमध्ये नीट धरला गेला पाहिजे आणि अर्थ झाला पाहिजे. मी साइटवर काय बघतो, तर आर्मरच्या तारा पक्कडने कापून नुसत्या मागे दुमडलेल्या, वर काळी टेप, आणि केबल डिटेक्टरच्या बेसमध्ये सरळ कोंबलेली. त्या केबलचं वजन मग त्या प्लॅस्टिकच्या बेसवर येतं, दोन वर्षांत स्क्रू सैल होतो. डिटेक्टरच्या मागे जंक्शन बॉक्स हवाच, वजन बॉक्सने घ्यायचं.

काकांची जाड पट्टी तुमच्या वरच्या मजल्यांवर, ऑफिसच्या आत, सात फुटांच्या वर, जिथे धक्का नाही तिथे दिसायला ठीक वाटते, आणि बऱ्याच ठिकाणी असतेही. पण जिन्यात, पॅसेजमध्ये आणि लोडिंगमध्ये मी ती ठेवत नाही, आणि त्याचं कारण फक्त धक्का नाहीये.

पीव्हीसीची पट्टी, नायलॉनचे टाय, प्लॅस्टिकचे क्लिप, हे सगळं आगीच्या गरम हवेत लवकर मऊ पडतं आणि आतल्या वायरी खाली लोंबतात. २०१० साली इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स नावाच्या उंच बिल्डिंगमध्ये आग लागली तेव्हा प्लॅस्टिकची ट्रंकिंग वितळून केबली खाली आल्या आणि धुरात आत गेलेले दोन फायरमन दगावले, त्या लोंबणाऱ्या वायरींमध्ये अडकण्याचा त्यात हात होता. त्यानंतर त्यांनी वायरिंगचे नियमच बदलले, आधी बाहेर पडायच्या वाटांसाठी आणि मग २०१८ पासून सगळीकडे, की केबल आगीत लवकर खाली पडणार नाही असाच आधार पाहिजे. आपल्या जिन्यात विचार करा, लाइट गेलेली, धूर डोक्याच्या उंचीला, लोक वाकून उतरतायत, आणि वरून वायरींचे फास लोंबतायत. ह्याला काही मोठा खर्च नाही. जिन्यात आणि पॅसेजमध्ये पट्टी असली तरी दर दोन-तीन फुटांवर वायरीभोवती एक जीआयचा सॅडल किंवा स्टीलचा टाय असा लावायचा की पट्टी वितळली तरी वायर तिथेच राहील. त्यासाठी स्क्रूच्या भोकात घालायची गिट्टीसुद्धा प्लॅस्टिकची नको, धातूचा अँकर घ्या.

इथेच एक गैरसमज दूर करतो जो इंजिनियर लोकांनाही असतो. केबलवर एफआरएलएस छापलेलं असतं आणि लोक समजतात ही आगीत टिकते. तसं नाही. एफआरएलएस म्हणजे ती स्वतः आग पुढे पसरवायला मदत करत नाही आणि धूर कमी करते, बस. आगीत सापडली तर तिचं इन्सुलेशन जळतं आणि सर्किट जातं. आगीत चालू राहते ती फायर सर्व्हायव्हल केबल, तिच्या तांब्यावर काचेची आणि अभ्रकाची टेप गुंडाळलेली असते, प्लॅस्टिक जळून गेलं तरी ती टेप दोन तारांना वेगळं ठेवते. बीएस ६३८७ ची सीडब्ल्यूझेड लिहिलेली केबल तीन परीक्षांतून गेलेली असते, सी म्हणजे ९५० डिग्रीला ३ तास, डब्ल्यू म्हणजे ६५० डिग्रीला १५ मिनिटं नुसती आग आणि पुढची १५ मिनिटं आगीबरोबर पाणी, झेड म्हणजे ९५० डिग्रीला १५ मिनिटं ठोके खात.

मग सगळीकडे तीच घालू का, तर नाही, महाग आहे. विचार असा करा की आग लागल्यावर कोणती वायर जिवंत राहायला हवी. साध्या झोनच्या पॅनलमध्ये डिटेक्टरच्या वायरीचं काम आग कळवली की बहुतेक झालं. पण हूटरची, म्हणजे अलार्मच्या भोंग्याची वायर त्याच्यानंतरच कामाला लागते, चौथ्या मजल्यावरचा माणूस खाली उतरेपर्यंत ती वाजली पाहिजे. पॅनलपासून वर जाणारा हूटरचा रायझर, पीए सिस्टिम म्हणजे सूचना देणारे स्पीकर, टॉकबॅक म्हणजे मजल्यावरून पॅनलपाशी बोलायची सोय, दुसऱ्या जागी तेच दाखवणारं रिपीटर पॅनल, आणि पॅनलला येणारा सप्लाय, ह्या वायरींवर पैसे घालवा. अॅड्रेसेबल असेल आणि हूटर त्याच लूपवर असतील तर मग तो लूपच महत्त्वाचा झाला, निदान रायझरमध्ये तरी.

पाण्याचं सांगतो कारण तुम्ही लिहिलंय पावसाळ्यात फॉल्ट जास्त येतात. ठाण्यात नि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर ही वायरिंगची खरी परीक्षा असते. एकदा महापेला जुलै महिन्यात एका डिटेक्टरचं बेस उघडलं तर आतून चमचाभर पाणी माझ्या मनगटावर सांडलं. वर स्लॅब कोरडा, फॉल्स सीलिंग कोरडं. पाणी येत होतं तीन मजले वरून, गच्चीवरच्या बॉक्समध्ये केबल वरच्या बाजूने घातली होती, तिथून पाणी पाइपात शिरलं आणि पाइपातूनच नळासारखं खाली आलं. उघड्यावरच्या बॉक्समध्ये केबल नेहमी खालून किंवा बाजूने घाला, आत शिरायच्या आधी तिला खाली एक वाक द्या म्हणजे पाणी त्या वाकावरून गळून जातं, आणि बाहेरून आत येणाऱ्या पाइपाचं तोंड सीलंटने बंद करा. एसीच्या थंड खोलीतून गरम पॅसेजमध्ये पाइप जातो तिथे आतल्या आत घाम धरतो, तिथेही तोंड बंद करायचं. आणि रबाळे, पवणे, तुर्भे ह्या केमिकलच्या पट्ट्यात किंवा खाडीच्या बाजूला काळा रंगवलेला पाइप घेऊ नका, गॅल्व्हनाइज्डच घ्या, आणि सॅडल-स्क्रूसुद्धा. पाइप चांगला राहतो आणि स्क्रू गंजून पाइपच खाली येतो, असं मी बघितलंय.

उंदीर-घुशींचं जास्त लिहित नाही, तुम्हाला माहितीच आहे. वाशीच्या एपीएमसीसारख्या ठिकाणी धान्य-मसाल्याच्या गाळ्यांमध्ये उघडी पीव्हीसी वायर टाकूच नये, पाइप किंवा आर्मर्ड, आणि भिंतीची भोकं दोन्ही बाजूंनी बंद. तुमच्याकडे पँट्री आणि चहावाल्याच्या वर बघा. तसंच डक्टमध्ये प्रत्येक स्लॅबला जे भोक पाडलंय ते केबल टाकल्यावर फायर सीलंटने बंद करायचं, उंदरांसाठी पण आणि धुरासाठी तर नक्कीच, उघडी डक्ट म्हणजे खालच्या मजल्याचा धूर वरच्या मजल्यावर नेणारी चिमणी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे पाइपाने किंवा आर्मरने सुटत नाही. तुमची वायर दोनदा तुटली तेव्हा ती जोडली कशी? झोनच्या पॅनलमध्ये वायर एका डिटेक्टरपासून दुसऱ्याकडे अशी साखळीने जाते आणि शेवटच्या डिटेक्टरमध्ये एक रेझिस्टर असतो, पॅनल त्या रेझिस्टरपर्यंतचा करंट बघतं, म्हणून मध्ये कुठेही तुटलं की फॉल्ट दाखवतं. पण घाईत आलेल्या वायरमनने मध्येच टी मारून दुसरी फांदी काढली तर त्या फांदीवर रेझिस्टर नाही, ती उद्या तुटली तरी पॅनल हिरवंच राहील. डिटेक्टर छताला आहे, पॅनलवर फॉल्ट नाही, आणि तो भाग मेलेला. फॉल्ट दिसणाऱ्या वायरीपेक्षा ही वायर जास्त धोक्याची आहे. टी नको, टेप गुंडाळलेला जॉइंट नको, जोडायचंच असेल तर नाव लिहिलेल्या बॉक्समध्ये टर्मिनलवर, हात पोचेल अशा जागी.

अॅड्रेसेबल लूप असेल तर वेगळी चूक होते. लूप पॅनलमधून निघतो, फिरून परत पॅनलला येतो, म्हणून एका जागी तुटला तरी दोन्ही टोकांनी चालू राहतो, ती त्याची खरी ताकद आहे. पण पाइप वाचवायला जाणारी आणि येणारी वायर एकाच पाइपातून नेतात. एका फाळक्याच्या धक्क्यात दोन्ही गेल्या की पलीकडचं सगळं बंद. जाणारी एका बाजूने, येणारी दुसऱ्या बाजूने, रायझरसुद्धा शक्य असेल तर दोन वेगळ्या ठिकाणी. आणि शॉर्ट झालेला तुकडा बाजूला काढणारे शॉर्ट सर्किट आयसोलेटर किती आहेत ते विचारा, कारण तुटणं लूप सहन करतो पण शॉर्ट झाला आणि आयसोलेटर नसतील तर सगळाच लूप झोपतो. मी निदान प्रत्येक मजल्याला एक तरी घालतो.

राहिली माणसं. इंटरनेटवाला येतो आणि तुमच्या लाल पाइपाला आपली केबल टायने बांधून जातो, एसीवाला फॉल्स सीलिंग उघडतो आणि अडचण होते म्हणून वायर बाजूला ओढतो, आणि फायर अलार्मवाले स्वतः स्प्रिंकलरच्या पाइपाला केबल बांधतात, तेही चालत नाही, स्प्रिंकलरचा पाइप कशाचाही आधार नाही. पाइपावर दर थोड्या अंतराने मराठीत आणि हिंदीत लिहा, फायर अलार्म, हात लावू नये. ड्रिल मारणारा माणूस ते वाचतो, माझा अनुभव आहे.

म्हणजे इथवरचं थोडक्यात, धक्क्याला जागा बदलणे आणि गार्ड, लांब पट्ट्यांना आणि उंदरांना आर्मर्ड, जिन्यात धातूचा आधार, हूटरच्या रायझरला आगीत टिकणारी केबल, पाण्याला सील आणि खालून एंट्री. तुमचे तिघेही थोडे थोडे बरोबर आहेत.

तुमच्या जागी मी असतो तर ह्या क्रमाने गेलो असतो. वॉचमनला एक वही द्या, पॅनलवर काय दिसलं, किती वाजता, पाऊस होता का, गाडी लागली होती का. आठ दिवसांची वही असेल तर फॉल्ट शोधणाऱ्याचे दोन दिवस वाचतात. तोपर्यंत तळमजल्यावर रात्री दर तासाला फेरी, आणि गाळेवाल्यांना स्पष्ट सांगा की इथला अलार्म सध्या भरवशाचा नाही. पहिल्या टप्प्यात फक्त लोडिंगची जागा आणि हूटरचा रायझर, ह्यात पैसे घाला. दुसऱ्या टप्प्यात जिने-पॅसेजचे आधार आणि गच्ची. ऑफिसच्या आतली पट्टी शेवटी, किंवा ती ठेवलीत तरी मी आग्रह धरणार नाही, वायर चांगली निघाली तर.

कागदाचं पण बघा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ प्रमाणे ही सिस्टिम चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे, आणि दर जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्स्ड एजन्सीकडून ती व्यवस्थित चालू असल्याचं बी फॉर्मचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. पॅनल सायलेंट आणि फॉल्ट तसाच असताना तो फॉर्म कोणी भरून देत असेल तर घेऊ नका. तुमच्या वायरमनने पाइप टाकला तरी हरकत नाही, पण जोडणी आणि टेस्टिंग लायसन्स्ड एजन्सीच्या माणसासमोर. आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायचा असेल तर आधी पॅनल आणि सगळे डिटेक्टर काढून मगच, ५०० व्होल्टचा मेगर जोडलेल्या डिटेक्टरवर मारला की ते तिथेच मरतात आणि परत तुमच्यावरच बिल येतं.

काम झालं की असं तपासा. प्रत्येक झोनचा शेवटचा डिटेक्टर शोधायला लावा, त्याची एक वायर काढायला सांगा आणि स्वतः पॅनलसमोर उभे राहा, त्याच झोनचा फॉल्ट आला पाहिजे. मग मधला कुठलाही एक डिटेक्टर तुम्ही निवडा, त्याने नाही, आणि त्याची पुढे जाणारी वायर काढायला लावा. फॉल्ट आला नाही तर मध्ये कुठेतरी टी आहे. लूप असेल तर एक वायर काढल्यावर फॉल्ट दिसला पाहिजे, आणि तशाच तुटलेल्या अवस्थेत शेवटच्या डिटेक्टरला टेस्टचा धूर दिल्यावर अलार्मही आला पाहिजे. हूटरची वायर चौथ्या मजल्यावर सोडवून बघा, तिचाही फॉल्ट दिसायला हवा. हे सगळं तुमच्यासमोर झाल्याशिवाय शेवटचं बिल पास करू नका, आणि तोपर्यंत लोडिंगच्या त्या कोपऱ्याचा आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूचा फोटो टाका, झोनवालं आहे की लूप ते बघून पुढचं सांगतो.